वीतभर पेटीची साक्ष

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. लांबीला वीतभर, उंचीला चार बोटं. पण मित्रांनो, माझ्या आकारावर जाऊ नका. या परसात सामानाची जी ऐटदार शेड उभी आहे, ती माझ्या साक्षीवर उभी आहे. जरा चित्त द्या, सगळं सांगते.

या घरच्या आत्याबाई घेवड्याचं बी राखायच्या. त्यांच्या आईने दिलेला, भिंतभर चढणारा, जांभळ्या शेंगांचा घेवडा. दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता. एके वर्षी माळ्यावर ओल शिरली, बियांना बुरशी आली, मूठभर बी तेवढं वाचलं. त्याच दिवशी ठरलं, अवजारांना आणि बियाण्याला परसात शेड बांधायची. पण कशाची?

"पत्र्याची," आत्याबाईंचे भाऊ म्हणाले. "वाळवीची कटकट नाही. ठोका आणि विसरून जा."

"बाबा, प्लास्टिकची आणू," त्यांचा मुलगा म्हणाला. "गंज नको, रंग नको. दोन तासांत उभी."

"आणि तिसऱ्या तासाला वाऱ्यावर स्वार होऊन शेजाऱ्यांकडे!"

आत्याबाई हसल्या. "तुम्ही बापलेक भांडा. मी आपली बियांनाच विचारते."

त्यांनी एक डबी पत्र्याची घेतली, एक प्लास्टिकची, आणि सुतारदादांकडून मला करून घेतलं. दादा घाईत होते. माझ्या झाकणाखाली काडीएवढी फट राहिली. ते बिचारे ओशाळले. "दुसरी करून देतो, आत्या."

"राहू द्या हो. बी काय पळून जातंय?"

घेवड्याचं बी मोलाचं, म्हणून तिघींच्या पोटात वीस-वीस वाटाणे घालून आम्हाला ओट्यावर ठेवलं. उन्हाळ्यात पत्र्याच्या डबीला हात लावला तर चटका बसे. पावसाळ्यात प्लास्टिकच्या डबीला आतून घाम फुटे. मी फुगले, आकसले, कुरकुरले. पण त्या फटीतून वारा खेळत राहिला आणि माझे वाटाणे खडखडीत कोरडे राहिले.

मग तीन ओळींत पेरणी झाली. पत्र्याचे तीन उगवले, प्लास्टिकचे सात आणि माझे अठरा! भाच्याने दोनदा मोजले आणि कान पकडले. "आत्या, हरलो."

शेडच्या भिंती माझ्याच लाकडाच्या झाल्या. छपराखाली दादांनी मुद्दाम फट सोडून जाळी लावली. पत्रा छपरावर गेला, प्लास्टिकचा कागद जमिनीखाली. दोघेही आजवर आपापली सेवा चोख करतात. मी त्यांची निंदा कशाला करू?

पुढे मात्र मला सगळे विसरले. पोटात गंजके खिळे भरून कुणीतरी मला शेडमागे मातीवर टाकलं. आत्याबाईंचे गुडघे धरले, त्यांचं परसात येणं थांबलं. भाच्याच्या पाठीमागे नोकरीची धावपळ. भिंतींना वर्षानुवर्षं तेल लागलं नाही. आत फळीवर घेवड्याचं मूठभर बी, पेरायला कुणी नाही म्हणून, बरणीत म्हातारं होत होतं.

एका रविवारी भाच्याला खिळा हवा होता. मला उचललं, तर माझ्या तळाचा त्याच्या हातातच भुगा झाला. वाळवी! त्याने दचकून शेडची खालची फळी ठोकली. आवाज पोकळ आला. मित्रांनो, दुसऱ्यांदा साक्ष दिली ती मीच!

त्याने सडलेली फळी बदलली, माती उपसून दगड बसवले, सगळ्या भिंतींना तेल पाजलं. मला नवा तळ लावला आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला. म्हणाल्या, "बी पेर रे बाबा. यंदा नाही उगवलं, तर माझ्या आईचा घेवडा संपला."

त्याने सगळंच्या सगळं पेरलं. आठ दिवस काही दिसेना. नवव्या दिवशी तो धावतच घरात शिरला. "आत्या, अकरा!"

आता तो वेल शेडच्या भिंतीवर छपरापर्यंत चढतो. दर उन्हाळ्यात भाचा भिंतींना तेल लावतो आणि उरलेल्या बोळ्याने मला पुसतो. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी गुपचूप तुमच्या वस्तू जपत उभं असेल. ती भिंत असेल, नाहीतर एखादं कपाट. वर्षातून एकदा तरी त्याच्या अंगावरून हात फिरवा. पोकळ आवाज येईपर्यंत थांबू नका.

आणि कधी आलात, तर मला हळूच हलवून बघा. आत खुळखुळतंय ना? ते आत्याबाईंच्या आईच्या घेवड्याचं नवं बी. माझ्याकडे सुखरूप आहे.