चोणकाची प्लीहा

"दांडीचा हा किनारा आता जगाच्या विज्ञानात नाव काढणार," असं जाहीर करून प्रियांकाने रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्याचा, दोर धरला. दोराने तिला चार पावलं समुद्राकडे नेलं आणि पाण्यात बसवलं.

दोन हजार आठचा जानेवारी होता. महिनाअखेरपर्यंत चोणक माशाची ताजी प्लीहा मिळाली नाही, तर पीएचडीचा विषय बदलून कोळंबी घ्या, असं तिच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं. आणि चार वर्षं चोणकावर घालवलेल्या माणसाला कोळंबी म्हणजे वनवासच.

चोणक मिळत नव्हता असं नाही. पण रापणीत आलेला प्रत्येक चोणक अख्खाच हॉटेलात पोचवायचा, हा शब्द मासे विकणाऱ्या काशीबाईने हॉटेलवाल्याला दिवाळीतच दिला होता. नुसती दोन बोटं चीर द्या, अशी विनवणी प्रियांका आठ दिवस करत होती.

"पोट फाडलेलो मासो म्हणजे कालचो," काशीबाईने निकाल दिला होता. "हॉटेलवालो माझ्या तोंडार मारतलो."

म्हणून दोर ओढता ओढता प्रियांकाने तिला शास्त्रच समजावलं. मोरी माशात, म्हणजे शार्कमध्ये, प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) जनुकं छोट्या छोट्या जुड्यांत असतात, प्रत्येक जुडी आपापली पूर्ण. चोणकासारख्या हाडाच्या माशात प्रतिपिंडाच्या मोठ्या साखळीची जनुकं एका लांब ओळीत: आधी एका जातीचे पुष्कळ तुकडे, मग दुसरे, मग तिसरे. पेशी प्रत्येकातला एकेक उचलून जोडते, आणि हजारो रोगांना पुरून उरते.

"म्हणजे मोरीकडे तयार मसाल्याचे पुडे," काशीबाई म्हणाली, "आणि चोणकाकडे फळयेर डबे."

विद्यापीठात हे इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या माशांच्या त्याच फळीवर एक अनोळखी डबा सापडला होता. चोणक तो वापरतो का, हे प्रियांकाला बघायचं होतं. ते प्लीहेत कळतं, आणि तिथल्या पेशींतला आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप, मासा मेल्यावर मिनिटांत नासू लागतो.

नवव्या दिवशी जाळ्यात हातभर चोणक आला. प्रियांका सुरी घेऊन त्याच्या आणि टोपलीच्या मधे गुडघे टेकून बसली. हॉटेलवाल्याच्या पाया पडेन, पण आज हलणार नाही, म्हणाली. इतके दिवस तिला हसणारा, रापण ओढणाऱ्यांचा म्होरक्या भाई हसायचा थांबला.

काशीबाईने तिच्या दोराने सोललेल्या तळहातांकडे पाहिलं.

"तुका पोट होया, की पोटातला?"

"पोटातलं."

काशीबाई फतकल मारून बसली. कल्ल्याची झापड उचलून तिने सुरीचं टोक आत फिरवलं, मग दोन बोटं घातली, पिळली आणि आतडी सबंध बाहेर ओढली. पोटावर ओरखडा नाही. कल्ले लालभडक, जागच्या जागी. भरलेला मासा करायला असाच साफ करतात, एवढंच म्हणाली.

प्रियांकाने चिमट्याने प्लीहेचा जांभळा तुकडा उचलून नळीतल्या द्रवात सोडला. घड्याळात चार मिनिटं झाली होती.

"आठ दिवस बोलला का नाहीत, मावशी?"

"तू पोट पोट करी होतंस. आतडी कशी काढतत, ता खंय इचारलंस?"

प्रियांकाने ओले हात पुसून वही उघडली. 'पद्धत' या मथळ्याखालचं पानभर खोडलं आणि लिहिलं: कल्ल्यातून, काशीबाईंच्या हाताने. मग नळी उन्हात धरून म्हणाली, आता चोणकाची अख्खी फळी वाचून काढते.

"वाच, वाच," काशीबाई टोपली डोक्यावर घेता घेता थांबली. "पण आधी तो चिमटो दी गो इल्लो. टाचेत काटो मोडलोहा."