भाऊंच्या जाकिटाला भोक नको म्हणून

मी एक जुना बिल्ला आहे, मित्रांनो. पदक म्हणू नका. पदक शौर्याबद्दल देतात, आणि शौर्य ठरवणारे बहुधा त्या जागी हजर नसतात. मी परीक्षेबद्दल मिळत असे. हा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण तो न कळल्यामुळेच माझी पाठ तासली गेली. वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. छत्री, पाटा, फुटकी घागर यांनी ते काम चांगलं केलेलं आहे. मला जमणार नाही. मी रागात आहे.

माझा जन्म सोव्हिएत रशियातल्या एका कारखान्यात झाला. पितळेची ढाल, तिच्यावर भट्टीत भाजलेला निळा मीना, मध्ये एकचा आकडा, भोवती पानं, माथ्यावर लाल तारा. पाठीवर आटे पाडलेली छोटी कांडी. सैनिकाच्या कोटाला भोक पाडायचं, कांडी आत घालायची आणि आतून गोल चकतीनं आवळायची. चकतीवर कारखान्याचं नाव. एकचा आकडा म्हणजे पहिल्या वर्गाचा तज्ज्ञ. हा वर्गही कायमचा नसे. परीक्षा पुन्हा द्यावी लागे, आणि नापास झालात की मला उतरवून ठेवावं लागे. ही पद्धत आपल्याकडे आली तर किती छात्या मोकळ्या होतील, याचा विचार मी सवडीनं करत असतो.

माझा पहिला धनी व्हिक्टर. रडार दुरुस्त करायचा. भारतीय फौजेतून शिकायला गेलेले हवालदार पुंडलिकराव, आपल्या आंजी मोठी गावचे, त्याच्याच यंत्रावर काम शिकले. व्हिक्टरला मराठी येत नव्हती, पुंडलिकरावांची रशियन मोडकी. पण रडार बंद पडलं की दोघं एकाच जागी बोट ठेवत. निरोपाच्या दिवशी व्हिक्टरनं मला कोटावरून उतरवलं आणि माझ्या पाठीवर सुईनं आपलं नाव कोरलं. पुंडलिकरावांनी तीच सुई घेऊन खाली 'पुंडलिक' कोरलं. दोन लिप्यांतली दोन वाकडी नावं. तारा-बिरा सगळ्यांनाच असतो. ही नावं फक्त मला होती.

आंजीत पुंडलिकरावांनी मला कधी छातीवर लावलं नाही. म्हणत, "ते परीक्षा मी थोडीच पास झालो? तो झाला. मले त्यानं प्रेमानं देल्ला." आपल्या शेतातल्या कापसात गुंडाळून त्यांनी मला डब्यात ठेवलं. गोष्ट मात्र पारावर सांगत. लोक शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग हसत. शेजारच्या तानबाजींचा प्रश्न ठरलेला होता. "काबे पुंडलिक, यंदा तुहा रशियावाला येऊन राह्यला का तुरी सोंगाले?" पुढे गावानं त्यांचं नावच 'रशिया' पाडलं. ते वारले, तेव्हाही बातमी फिरली ती 'रशिया गेला' अशीच. शालूबाईंना, त्यांच्या पत्नीला, ते फार लागलं. आपला माणूस खोटं बोलत नव्हता, एवढंच त्यांना गावाला दाखवायचं होतं.

म्हणून त्या मला घेऊन बोरगाव मेघेला हिरालालजींकडे गेल्या. हिरालालजी निवृत्त मास्तर. देशोदेशींचे लष्करी बिल्ले जमवतात. बाकीचे लोक आधी माझा तारा बघतात, यांनी मला आधी उलटं केलं. तळहातावर वजन घेतलं, कारण नकली बिल्ले हलके लागतात. भिंगातून मीन्याची कड पाहिली. चकती काढून तिच्यावरचं नाव वाचलं. मग ती दोन नावं दिसली आणि मास्तर खुर्चीतून उठले.

"वहिनी, अस्सल आहे! अन् हे नावं! अशी चीज मले आजवर नाई भेटली. शाळेत माझं प्रदर्शन आहे. हा मधोमध ठेवतो, आरशावर. म्हंजे पाठबी दिसन."

"तानबाजीले दिसन ना?"

"नाई दिसलं तर माहा चष्मा देतो त्यायले."

"मंग तोवर घासून आनतो. काळा पडला बिचारा."

"हात नोका लावू! तो काळेपना म्हंजे त्याचं वय आहे, वहिनी. घासला का मेला."

मला घरी नेऊनही शालूबाईंनी हात लावला नाही. हात लावला शुभमनं.

शुभम त्यांचा पुतण्या आणि गावचे पुढारी अनुपभाऊ यांचा कार्यकर्ता. जिथे बस थांबत नाही अशा जागी अनुपभाऊंनी बसथांबा बांधला होता. त्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार ठरला. शाल आली, श्रीफळ आलं, पण छातीवर लावायला काही नव्हतं. तेव्हा शुभमला मी आठवलो.

"काकू, तो बिल्ला दे ना. फोटो काढतो. काकाजीचं नाव व्हॉट्सॲपवर टाकतो."

"घासू नोको बरं बाप्पा."

"मी काऊन घासू? मले काय धंदे नाई?"

त्यानं शब्द पाळला. सोनारानं घासलं. आधी चिंचेचं पाणी, मग पावडर, मग फिरता ब्रश. माझं सगळं वय चहा थंड होण्याच्या आत नाहीसं झालं. मग सोनार म्हणाला, "मागं कांडी आहे, दादा. कपड्याले भोक पाडा लागन."

शुभम दचकला. "भाऊच्या नव्या जाकिटाले भोक? पागल झाला का? काप ते. पिन लाव."

कांडी कापली. पिनेला सपाट जागा हवी म्हणून पाठीवर कानस फिरवली. आधी व्हिक्टर गेला, मग पुंडलिक. पिन जोडायला डाग देताना मीना तडकला. चकती केराबरोबर गेली. मित्रांनो, मी फौजेसाठी घडलेली वस्तू. मला संपवायला शत्रू यावा लागला नाही. एक उत्साही पुतण्या पुरला.

सत्काराला शालूबाई पहिल्या रांगेत होत्या. काकाजींचा उल्लेख होईल, असं शुभमनं सांगितलं होतं. निवेदकानं माझा एकचा आकडा पाहिला आणि गर्जना केली, "रशियाचं आंतरराष्ट्रीय पदक! नंबर वन समाजसेवक!" टाळ्या पडल्या. मी जाकिटावर लकाकत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शालूबाई उठल्या आणि थेट मंचावर गेल्या. ओवाळायला आल्या असाव्यात, असं समजून भाऊंनी हात जोडले.

"भाऊ, कोन्ती परीक्षा पास झाले तुमी?"

भाऊ माईककडे बघून हसले. "काकू, जनतेची!"

"हे रडारची होय. खोलता येते का रडार?"

मागच्या खुर्च्यांत कोणीतरी खुदकलं. शुभम धावत आला. "काकू, खाली चाल ना! इज्जत जाऊन राह्यली!"

"कोनाची?" असं म्हणत त्यांनी मला धरून ओढलं. पिन निघाली नाही, कापड फाटलं. जाकिटाला शेवटी भोक पडलंच.

त्यांनी मला उलटं केलं. अंगठा पाठीवर फिरवला. पुन्हा फिरवला. माईक चालू होता. "याच्यावर माह्या मानसाचं नाव होतं," एवढंच त्या बोलल्या. मग कोणी खुदकलं नाही.

हिरालालजींनी मला हातात घेतलं आणि पाठीवर भिंग धरलं. संग्रह करणाऱ्याच्या लेखी मी आता भंगार. तरीही त्यांनी मला प्रदर्शनात मधोमधच ठेवलं, पण पालथं. आरसाबिरसा काही नाही. वर फक्त तासलेली पाठ आणि सोनाराची पिन. खाली पाटी: 'इथे दोन नावं होती, व्हिक्टर आणि पुंडलिक. एका सत्कारासाठी खरवडली.'

तानबाजी आले. मास्तरांचा चष्मा लावून वाकले.

"नाव होतं, हे खरं का, मास्तर?"

"माह्या डोळ्यानं वाचलं."

तानबाजींनी चष्मा काढून दिला. शालूबाईंकडे न बघता म्हणाले, "मंग पुंडलिक खरंच बोलत होता म्हना." किती वर्षांनी त्यांच्या तोंडी ते नाव आलं. शालूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या पाठीवर मात्र ते नाव परत आलं नाही, येणारही नाही.

तेव्हा मित्रांनो, विनंती एवढीच. जुनी वस्तू हाती आली तर ती चमकवण्याआधी उलटून बघा. कोणाच्या छातीवर काही चमकताना दिसलं तर शालूबाईंचा प्रश्न विचारा. आणि माझा राग अजून काळाकुट्ट आहे. तो तसाच राहू द्या. घासू नका.