डोंगराच्या सायकलीला तिळाचं तेल

तंजावरात डोंगर नाही. टेकडीही नाही. मोठ्या देवळाचं शिखर सोडलं तर मान वर करून पाहावं असं गावात काही नाही, आणि चढ म्हणावा तर तो रेल्वेवरचा पूल. तोही भरलेली बैलगाडी दम न खाता चढून जाते. अशा गावात श्रीकर नावाच्या दातांच्या डॉक्टरने डोंगरी सायकलवाल्यांचं मंडळ काढलं, तेव्हा हनुमंतराव पेपर खाली टाकून इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि सून अखिला पाण्याचा लोटा घेऊन धावत आली.

"उद्या हा बस स्टँडांत होडी हाकेल," ठसका ओसरल्यावर ते म्हणाले.

हनुमंतराव कालवे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ओरत्तनाडूच्या बाजूला पुदुआरू कालव्याच्या बांधावर सायकल हाकण्यात घालवली होती. ती काळी, जड, म्हशीसारखी निबर सायकल अजून ओसरीवर उभी असे. दर शनिवारी आधी स्वतःच्या डोक्याला नल्लेण्णै, म्हणजे तिळाचं तेल, आणि आंघोळ झाली की तेच तेल सायकलीला, हा त्यांचा नेम. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती. ज्यांना सायकल कळते ती, आणि बाकीची. पहिल्या प्रकारात ते स्वतः होते. दुसरं कोणी त्यांना अजून भेटलं नव्हतं.

श्रीकर तर दुसऱ्या प्रकारातला अर्क. दर रविवारी पहाटे हा मनुष्य अंगाला चिकटलेले कपडे घालून, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडापाशी घेऊन, आपल्यासारख्याच चारसहा जणांसह शिवगंगा बागेपाशी जमायचा. "तान्ह्या पोराला बाटली लाविल्यासारखी नळी लाविली आहे," हनुमंतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. एकदा दाढ काढायला त्याच्याच खुर्चीत बसायची वेळ आली, तेव्हाही त्यांनी तोंड उघडायच्या आधी आणि मिटल्यानंतर त्याला सायकलीच्या बेअरिंगवर भाषण दिलं. श्रीकर ऐकून घेत होता. दातांच्या डॉक्टरला सवय असते.

आणि मग त्यांची नात कीर्तना त्या मंडळात गेली.

कीर्तना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मंडळातल्या कोणाची तरी वापरलेली सायकल तिने घरी आणली तेव्हा हनुमंतरावांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. घंटा नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. टायर मात्र ट्रॅक्टरला शोभतील असे. आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध, मुरुक्कूच्या, म्हणजे चकलीच्या, सोऱ्यात घालतात तसली भोकाभोकांची लोखंडी चकती.

"हे काय दागिने घातलेत काय हिला?"

"ब्रेक आहे आजा तो."

"ब्रेक रिमाला धरतो. मधें काय धरणार, कपाळ?"

कीर्तना हसली आणि तिने त्यांना फोनवर एक चित्रफीत दाखवली. दूर पश्चिमेला कोल्लीमलैच्या डोंगरात विद्यार्थ्यांची शर्यत व्हायची होती. त्या शर्यतीची ही वाट. मिरीचे वेल चढलेल्या उंच झाडांमधून तांबड्या चिखलाची एक पायवाट खाली सुटत होती. मधे मुळं, मधे सुटे धोंडे, आणि एका ठिकाणी नुसता कातळ, पायऱ्यापायऱ्यांनी थेट दरीच्या वळणावर उतरलेला.

"हा दगडी जिना. येथें सगळे खाली उतरून सायकल उचलून नेतात," कीर्तना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी बसून उतरणार."

"जवळून रस्ता जातो ना?"

"जातो."

"डांबराचा?"

"हो."

"मग? लोकांनी धोंड्यांवरून जाऊं नये म्हणून सरकार रस्ता बांधितं. आमी जन्म घातला सरकारच्या कामांत. आणि तुमी शिकलेलीं माणसं रस्ता सोडून धोंडे शोधीत जातां. असला मूर्खपणा मी पाहिला नाही!"

"रस्त्यावरून कोणीही जाईल, आजा."

या वाक्याला उत्तर देण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. त्यांनी नाक मुरडलं आणि पेपर उचलला.

पण पोरगी हट्टाची. डोंगर नाही तर नाही, तिने कालव्याचा बांध धरला. बांधाच्या उतारावरून, जुन्या बंधाऱ्याच्या पायऱ्यांवरून ती रोज सायकल खाली सोडायची, पडायची, पुन्हा चढायची. भातशेतातली माणसं काम थांबवून बघत. गुडघे फुटले, कोपर सोललं. अखिलाने हळद लावली आणि ओरडा केला. मंडळातून एकाच मुलीला पाठवायचं होतं आणि श्रीकरने कीर्तनाचं नाव दिलं. त्या दिवशी ती जेवली नाही, नुसती घरभर फिरत राहिली. तिला दुसरं काही नको होतं. दागिने नको, लग्न नको, तो कातळाचा जिना पाहिजे होता. हनुमंतरावांना याची कीव आली आणि थोडी लाजही वाटली.

आश्विनातल्या पावसाने सायकल ओरडायला लागली. ब्रेक दाबला की अशी किंकाळी फुटायची की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची.

"तेल मागते आहे बिचारी," हनुमंतराव म्हणाले.

"पाण्याने होतं तसं. वाळली कीं जाईल. आजा, त्या चकतीला हात मात्र लावूं नका."

"सायकल मला शिकवितेस?"

ती कुठेशी निघाली होती, म्हणून तेवढ्यावर राहिलं.

आयुधपूजेचा दिवस आला. त्या दिवशी तंजावरात काम करणारी प्रत्येक वस्तू धुवून, पुसून, तेल लावून, गंधकुंकवाचे ठिपके लावून देवापुढे ठेवतात. विळी, कात्री, शिवणयंत्र, मिक्सर, अखिलाची स्कूटर. एकदा पूजेला ठेवलं की दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत त्या वस्तूला कोणी हात लावत नाही. हे काम घरात हनुमंतरावांचं होतं आणि ते काम कोणाच्या बापाला त्यांच्यासारखं जमलं नसतं. कीर्तना प्रवासाची पिशवी भरत होती. डोंगराची सायकल तिने स्वतः धुवून अंगणात वाळत ठेवली होती.

हनुमंतरावांनी आधी आपल्या काळ्या सायकलीला तेल दिलं. मग या बोडकीकडे वळले. साखळीला दिलं. मागचं चाक फिरवलं तर मधल्या चकतीपाशी बारीक खरखर ऐकू आली. ऐका! वाळली तरी कुरकुरते आहे. इंजिनिअर व्हायला निघालेल्या पोरीला लोखंडाची भाषा कळू नये! त्यांनी कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि चकतीला दोन्ही बाजूंनी चोळून तेल दिलं. चकती ज्या फटीतून फिरत होती तिथे बोळा शिरेना, म्हणून छत्रीच्या काडीने आत ढकलला. मग पुढच्या चाकाला तसंच. चाक फिरवलं. आवाज नाही. त्यांनी अखिलाला हाक मारून दाखवलं.

"ऐकूं येतं काय?"

"नाही."

"येणार कसं? डॉक्टरला दात कळतात. सायकल कळायला सायकल चालवावी लागते."

मग जास्तीचं तेल पुसून हँडलवर गंधाचा मोठा ठिपका लावला आणि सायकल पूजेत उभी केली. संध्याकाळी सगळ्यांनी प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खाल्लं. सकाळी पूजा उतरते न उतरते तोच श्रीकरची व्हॅन दारात आली, सायकल टपावर चढली आणि कीर्तना आजोबांच्या पाया पडून निघून गेली.

ती परत आली तेव्हा श्रीकर तिच्याबरोबर आत आला. कीर्तनाने सायकल ओसरीच्या भिंतीला टेकवली आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली. सायकलीला चिखल लागला नव्हता. हनुमंतरावांच्या ते लगेच लक्षात आलं.

"मामा, तुमची नात!" श्रीकर खुर्चीत बसत म्हणाला. "काय केलं विचारा हिला. ब्रेकाच्या चकत्यांना नल्लेण्णै लाविली! दोनी चाकांना! तपासणीला त्या माणसाने चाक उचललं, फिरवलं, ब्रेक दाबला. चाक फिरतच आहे. तो वास घेतो आणि सगळ्यांपुढें विचारतो, डोसा घालायचा आहे काय हिच्यावर? सगळीं हसलीं. मी खालीं मान घातली. कोणी लाविलं म्हणून विचारलं तर म्हणते, मीच लाविलं, पूजेला. ब्रेकाचे पॅड तेल पिऊन बसलेले, तिच्या मापाचे दुसऱ्या कोणाकडे नाहीत. संपलं. शर्यतींतून बाहेर."

हनुमंतरावांनी सायकलीच्या चकतीकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशीं मी हिला त्या दगडी जिन्यापाशीं उभी केली, येणारांना पाणी द्यायला. एकसुद्धा पोरगी बसून उतरली नाही, मामा. सगळ्या उतरून चालत गेल्या. ही बाटल्या घेऊन पाहत उभी." श्रीकरने कपाळाला हात लावला. "असला मूर्खपणा मी पाहिला नाही. जानेवारींत येलगिरीला शर्यत आहे, पण नाव देणार नाही मी. हिने त्या कातळावर ब्रेक दाबला असता आणि तपासणी झाली नसती तर? मी काय तोंड घेऊन आलों असतों येथें?"

फोनवरचा तो कातळ, ते दरीचं वळण हनुमंतरावांना दिसलं. त्यांनी कीर्तनाकडे पाहिलं. एक नाडी सुटली होती, दुसरी ती उगाच ओढत होती. वास कोणत्या बाटलीचा हे तिला तिथे, त्या हसणाऱ्या माणसांत, पहिल्याच क्षणी कळलं असणार. आणि तरी ती ‘मीच’ म्हणाली होती.

"तेल मी लाविलं," हनुमंतराव म्हणाले.

श्रीकर हसला. "सरि, सरि. नातीला पाठीशीं घालूं नका मामा. तुमच्या हातून अशी गोष्ट होते काय? जन्म गेला तुमचा सायकलीवर. माझ्या खुर्चींत बसून बेअरिंग शिकविलंत मला. तुमी लावाल?"

या माणसाने त्यांना आजवर एवढा मान कधी दिला नव्हता. हनुमंतरावांना तो कानफटात बसल्यासारखा लागला.

ते उठून आत गेले आणि तेलाची बाटली, कापूस आणि छत्रीची काडी घेऊन आले. सायकलीपुढे जमिनीवर बसले. गुडघे मोडत नव्हते, तरी बसले.

"चाक असं फिरविलं," ते म्हणाले. "बोळा असा धरिला. येथें लाविलं, मग पलीकडून. या फटींत बोळा जाईना, म्हणून ही काडी घेतली. अशी."

श्रीकरचं हसू हळूहळू गेलं. "फटींतसुद्धा?"

"फटींतसुद्धा. खरखरत होती. मला वाटलं, तुमाला कोणालाच काही कळत नाही." ते थांबले. "हिने सांगितलं होतं, हात लावूं नका."

कीर्तनाने बुटाची नाडी ओढायचं थांबवलं. आतून अखिला दारात येऊन उभी राहिली होती.

"आतां सांग," हनुमंतराव म्हणाले, "ही चकती कशाला असते?"

श्रीकरने सांगितलं. लहान पोराला दात कसे घासावेत हे सांगतात त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, आणि त्याला ते सांगताना मजा येत होती हे त्याने लपवलं नाही. ब्रेक इथें रिमाला नाही, ह्या चकतीला धरितो. घासून धरितो. तेल लागलं कीं घासत नाही. घासलं नाही कीं थांबत नाही.

"समजलं काय, मामा?"

"समजलं."

"मग सांगा पाहूं."

हनुमंतरावांनी सांगितलं. सबंध सांगितलं, मधे एकदाही नाक मुरडलं नाही. एका जागी ते चुकले, श्रीकरने दुरुस्त केलं, आणि त्यांनी तेवढं पुन्हा म्हटलं.

श्रीकर उठला. चपला घालताना म्हणाला, "पॅड मी मागवितों. येलगिरीला नाव देतों हिचं. पण सायकल पूजेला ठेवायची ती माझ्या दवाखान्यांत."

"बरं," हनुमंतराव म्हणाले.

तो गेला. कीर्तना रडत होती, आवाज न करता, आणि रागाने. हनुमंतरावांना उठायचं होतं. आधाराला म्हणून त्यांनी भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे हात नेला.

"आजा," कीर्तना म्हणाली, "हात धुवा आधीं."

त्यांनी हात मागे घेतला. जमिनीवर तळवा टेकून, कण्हत, ते आपले आपण उठले आणि नळापाशी गेले. साबण लावून हात धुतले, नाकापाशी नेऊन पाहिले, आणि पुन्हा साबण लावला.