सुशांतच्या गुडघ्यातलं पाणी

गोविंदाने जिमचं शटर आतून खाली ओढलं आणि महेंद्रच्या छातीत लाथ घातली. महेंद्र आरशावर आदळला. काचा कोसळल्या, मानेवरून रक्ताची धार लागली.

"अरे गोविंदा, ऐक तरी!"

"काय ऐकू? माझा भाऊ दवाखान्यात गुडघा चिरून पडलाय. पू थांबला नाही तर पाय कापायचा म्हणतायत. कबड्डीत चढाईला गेला की वाऱ्यासारखा परतायचा तो!"

शीळफाट्याच्या या जिमचा ट्रेनर महेंद्र. त्यानेच सुशांतला दुखऱ्या गुडघ्यासाठी ती इंजेक्शनची कुपी दिली होती. तळाला चिमूटभर पांढरी भुकटी. "पेप्टाइड म्हणतात. प्रोटीनचाच बारीक तुकडा, शरीराला सांगतो, इथं भरून काढ. बायका वजन उतरवायला घेतात ते वेगळं, हे दुखापतीचं." कुपीवर 'माणसांसाठी नाही' असं छापलेलं होतं. "ते कायद्यासाठी लिहितात रे," महेंद्र हसला होता.

आता तो हसत नव्हता. गोविंदाने वजनाचा लोखंडी दांडा उचलला. पहिला घाव बोटांवर बसला. महेंद्र ओरडला, हात पोटाशी घेऊन लोळला.

"तुझाही गुडघा भरतो का बघू."

दांडा वर गेला आणि खाली आला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

शटर बाहेरून खडखडलं, हातभर वर झालं. खालून सरपटत कलावती आत आली, गोविंदा-सुशांतची आई. धापा टाकत तिने दांड्याचं टोक धरलं.

"आये, सोड! मारतो याला."

"मग मला पण मार."

"काय बोलतेस?"

"भुकटीत घालायचं दुकानातलं पाणी संपलेलं. यानं फोनवर सांगितलं, उकळलेलं चालतं. सुशांत बोलला, आये, उकळून दे." तिने दांडा सोडला नाही. "आपल्या दिवा गावात पाण्याचा टँकर नव्हता आला. देव्हाऱ्यात गावदेवीच्या जत्रेतलं तीर्थ होतं. ते भरून दिलं मी. देवीचं पाणी उकळायचं कशाला? तो सुई टोचायचा, मी गुणगुणायचे,

बाळाच्या गुडघ्याला गार देवीचा गं हात,
धावू दे माझा राघू मोकळ्या मैदानात...

आज डॉक्टरनी इचारलं, पाणी कुठलं. तेव्हा कळलं मला."

गोविंदाच्या हातून दांडा निसटला, फरशीवर घणघणत गेला.

"उकळलेलं तरी... चालतं असं का सांगितलं मी..." महेंद्र पुटपुटला. त्याच्या गुडघ्याखाली हाड कातडी फाडून वर आलं होतं. "काकू, पाणी."

कलावतीने पदर फाडून जखमेवर आवळला. तिचा हात सवयीने पिशवीत गेला, डॉक्टरांना दाखवायला नेलेली तीर्थाची बाटली बाहेर आली. झाकण फिरलं. मग तिने ते पुन्हा घट्ट लावलं, बाटली काचांमध्ये ठेवून दिली.

"उचल त्याला, गोविंदा. सुशांतच्याच दवाखान्यात ने."

"आये, तिथं मला पकडतील."

"पकडू दे. मी पण सांगणाराय, पाणी कुणी दिलं ते. पाय धर त्याचा. हळू."