सासऱ्यासमोरची झोप

हाल्याने हे चारचौघांत सांगितलं, तेच पुतळीला जास्त झोंबलं. झरी गावात एका लग्नाचा मांडव घातला होता, सगळी सोयरी जमलेली. आणि हा तिचा याही, लेकीचा सासरा, मांडवात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "आम्ही सुनेला भगताकडे नाही नेली, डहाणूला मशीनवर नेली. मशीनने सांगितलं, डोक्यात काही नाही. पोर नाटक करते."

पोर म्हणजे पुतळीची लेक धाकली. झोपेत तिचं अंग ताठ व्हायचं, दातखीळ बसायची, तोंडाला फेस यायचा. जागी झाली की जीभ चावलेली आणि आठवण कसलीच नाही.

"जीभ चावून कोण नाटक करतं रे?" पुतळी ओरडली. पण तोवर विहिणीने धाकलीच्या कडेवरची तान्ही वर्षा उचलून घेतली होती. "नाटक संपलं की ये पोरीला न्यायला," म्हणाली. अंगावर पितं पोर! नवरा सुनील गुजरातेत बोटीवर. धाकलीच्या बाजूने बोलणारं त्या घरात कोणी उरलं नाही.

माहेरी आल्यावर धाकली दाराशी बसून दूध पिळून मातीत टाकायची. ते बघून पुतळीचं डोकं फिरायचं. शेवटी तिने विचारलं, "त्या मशीनवर काय केलं तुझं?"

"डोक्याला चिकट मलम लावून तारा लावल्या. डोळे मिट, उघड, जोराने श्वास घे. दिवा लुकलुकवला. मग मशीनवाला म्हणाला, आता झोप."

"मग?"

"मग काय, आये? सासरा समोर खुर्चीवर बसलेला. आडवी झाले तीच लाजेने मेले. डोळे मिटून पडून राहिले, झोपले नाही."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? सासऱ्याला म्हणू, बाहेर जा, मला झोपायचंय?"

सासऱ्यापुढे पाय पसरून झोपणारी सून झरीत अजून जन्मायची होती. हाल्याला हे कळत नव्हतं? मग खुर्चीवर ठाण मांडून का बसला? दुसऱ्याच दिवशी ती झरीला गेली आणि हाल्याला म्हणाली, "चल डहाणूला. मांडवात बोललास ना, आता डॉक्टरणीसमोर बोल."

लोक ऐकत होते. हाल्याला यावंच लागलं.

डॉक्टर मयुराने जुना कागद उलटसुलट पाहिला. "यात नुसत्या जागेपणीच्या लहरी आहेत मावशी. झोपेच्या नाहीतच. हिला फीट झोपेत येते, तर झोपेतच बघायला हवं होतं. आणि तेव्हाही काही दिसलं नाही, तरी फीट नाही असं म्हणता येत नाही."

"मग सगळं ठीक आहे, असं कोणी लिहिलं?"

"आमच्याच माणसाने. झोप मिळाली नाही, पुन्हा या, एवढं त्याने लिहायला हवं होतं. चूक आमची."

"तुमच्या अर्ध्या तपासणीने माझ्या लेकीचं पोर नेलं, बाई!" पुतळीचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. डॉक्टरने जुना कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "उद्या करू. केस धुवा, तेल लावू नका. रात्रभर तिला जागी ठेवा."

दुसऱ्या दिवशी धाकलीचे डोळे तांबारले होते. तारा लावून झाल्या आणि हाल्या सवयीने त्याच खुर्चीत जाऊन बसला.

"याही, बाहेर."

"मी काय परका आहे?"

"परका असतास तर झोपली असती."

हाल्या उठला. पुतळीने दार ओढून घेतलं आणि लेकीच्या पायावर हात ठेवला. धाकलीने कूस बदलली, मोठा श्वास सोडला. मशीनच्या पडद्यावरच्या बारीक, दाट रेघा सैल पडत गेल्या, संथ आणि उंच झाल्या. मग एकाएकी त्यांत आरीच्या दात्यांसारखी टोकं उठली. थांबली. पुन्हा उठली. धाकली तर शांत घोरत होती.

"हे बघा," डॉक्टर म्हणाली. "फीट येण्याचाच आजार आहे. घेतली तरी बाळाला अंगावर पाजता येईल अशी गोळी देते. रोज घ्यायची, चुकवायची नाही."

"त्यालाही दाखवा."

हाल्या दारात आला. झोपलेल्या सुनेकडे पाठ करून, मान वाकडी करून त्याने पडदा पाहिला. पुतळी ती पाठ बघत राहिली.

"आज पाठ फिरवतोस. त्या दिवशी?"

"काळजी होती म्हणून बसलो होतो, विहीणबाई."

"मग मांडवात काय होतं?"

जीपकडे जाताना तो हळूच म्हणाला, "न्या वर्षाला. मी घरात सांगतो."

"घरात नाही."

जीप झरीच्या माणसांनी खचाखच भरली होती. मांडवात जेवून गेलेले निम्मे त्यातच. ड्रायव्हरने चावी फिरवायच्या आत पुतळी म्हणाली, "थांब रे. याहीला काही सांगायचंय."

"इथं?"

"हळू नको. तेव्हा कसा होता तुझा आवाज?"

छत डोक्याला लागत होतं. हाल्या वाकून अर्धवट उभा राहिला, कठड्याला धरलं. "सुनेला फीटच येते," तो म्हणाला. "मी खोटं बोललो तिच्याबद्दल."

"ऐकू नाय आलं मागं!" मागून झरीचाच लडक्या ओरडला. कोणीतरी हसलं, पुतळी हसली नाही. हाल्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

झरीला जीप पुरती थांबायच्या आत धाकली उतरली. केसांत मलमाचे गोळे तसेच होते आणि पोलकं पुढून दुधाने भिजलेलं. सासऱ्याच्या पुढे चालायचं नसतं, पण ती पुढे निघाली. विहीण दारात वर्षाला घेऊन उभी होती. धाकलीने नुसते हात पुढे केले.