दिवेवालीचा सोडा

सोड्याच्या कारखान्यात तिला सगळे दिवेवाली म्हणत. बावीस वर्षं एका पांढऱ्या दिव्यासमोर बसून तिने पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या निरखल्या. तडा, कचरा, कमी भरलेली, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. पाण्यात गॅस मुरवणारं यंत्र तिच्या पाठीमागे दहा पावलांवर होतं. ते शिकवा म्हणून तिने फोरमनला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो हसला. "तुझे डोळे चांगले आहेत. तेवढ्यावर भागव."

निवृत्त झाल्यावर पंधराव्या दिवशी ती गॅसवाल्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. "खाण्यापिण्यात चालणारा कार्बन डायऑक्साइड हवाय. सिलिंडर लहान द्या."

दुकानदाराने तिच्या मागे डोकावून पाहिलं. "घरातलं कुणी आलंय का बरोबर?"

"मीच घरातली आहे. आणि रेग्युलेटर दोन काट्यांचा द्या, सिलिंडरमधला आणि बाहेर येणारा असे दोन्ही दाब दाखवणारा. एका काट्याचा माझ्या गळ्यात मारू नका."

वरच्या मजल्यावर राहणारा दीर सिलिंडर बघून धावतच खाली आला. "वहिनी, या वयात हे काय खूळ? घर उडवाल!"

"उडालंच तर आधी मी उडेन, भावजी. तुम्ही नुसते वरून बघा."

बोलली तशी, पण काम मात्र तिने डोळ्यांत तेल घालून केलं. सिलिंडर उभा ठेवून साखळीने भिंतीला बांधला, खिडकी सताड उघडली. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात टायरचा वॉल्व्ह घट्ट बसवला. काच नको म्हणजे नको. दाबाखाली फुटलेली काच कुठवर उडते, ते तिने पाहिलं होतं. मग प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. दोन ठिकाणी बुडबुडे आले. पाना घेऊन तिने ते जोड आवळले.

पहिली बाटली दिराने चाखली आणि तोंड वाकडं केलं. "यापेक्षा नळाचं बरं."

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी भांडी घासताना तिचा हात थांबला. कारखान्यात यंत्राकडे जाणारी पाण्याची नळी भर उन्हाळ्यातही घामेजलेली असायची. पाणी गार होतं! आपण मात्र नळाचं कोमट पाणी भरतोय. शिवाय बाटलीत हवाही कोंडून राहतेय. तिने लगेच पाणी भरून एक बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली.

तासाभराने दीर आला तो फोरमनला घेऊनच. म्हातारा आता काठी टेकत चालत होता, पण आवाज तोच. "ऐकत नाहीस म्हणे कुणाचं?" चष्मा सावरून त्याने एकेक जोड तपासला. बोट ठेवायला जागा सापडेना, तसा त्याचा हात रेग्युलेटरकडे गेला. "दाब कमी पडतोय. वाढव."

"हात काढा, साहेब."

"काय?"

"ही बाटली किती सोसेल ते मी ठरवलंय. दाब पुरेसा आहे, पाणी गार हवं."

"तू मला शिकवणार?"

"शिकायचं असेल तर बसा."

तिने गार बाटली दाबून आतली हवा काढली, झाकण लावलं, गॅस सोडला आणि बाटली दंड दुखेपर्यंत हलवली. बाटली दगडासारखी टणक झाली. थोडा वेळ स्थिरावू देऊन तिने झाकण हळूहळू सैल केलं. फस्स!

फोरमनने एका घोटात अर्धा ग्लास रिकामा केला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, नाकातून झणका गेला. "तेव्हा मी तुला..." त्याने सुरुवात केली.

"राहू द्या. बावीस वर्षं 'तेव्हा'वर मिटत नाहीत," ती म्हणाली. "ग्लास विसळून ठेवा."

दीर खुर्चीवरून उठला. "झालं ना मनासारखं? आता तो सिलिंडर परत करा."

तिने कपाटातून ड्रिल काढलं आणि ओट्यावर पेन्सिलीने एक गोल काढला. "बाटल्या किती दिवस हलवू? इथे नळ बसणार, भावजी. सोड्याचा. ओट्याला भोक पडेल, भिंतीलाही पडेल."

"दादा असता तर त्याने हे चालू दिलं नसतं!"

"त्यांनाही विचारलं नसतं," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.