टेबल भरलं

हरिहरेश्वरला बाळाजीकाकांचं लॉज आहे. त्यांची पुतणी जागृती कॉम्प्युटर शिकून आली आणि बुकिंगसाठी तिने जुन्या मशीनवर लिनक्स ही सिस्टीम बसवली. मशीन अधूनमधून अडायचं.

"चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस टेबलात एक जागा लागते," तिने समजावलं. "जागा संपल्या की नवं काम आत घेत नाही."

"म्हंजे हाउसफुल. कोन ऱ्हातंय एवढं?"

"काही तर केव्हाच संपलेली कामं आहेत. पण ज्या प्रोग्रामने ती सुरू केली तो विचारपूस करत नाही, म्हणून नाव तसंच राहतं."

"मेलेला मानूस खोली सोडत न्हाय?" काका गंभीर झाले. "लक्ष ठेव बाय."

जागृतीने तो प्रोग्राम दुरुस्त केला. शिवाय एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. दर मिनिटाला ती टेबल किती भरलंय ते मोजायची आणि काकांच्या मोबाईलवर मेसेज धाडायची. काका जेवता जेवता ठमाकाकूंना वाचून दाखवायचे, "आज निवांत हाय."

शनिवारी दुपारी पाहुण्यांच्या गाड्या लागल्या आणि मशीन ठप्प झालं. जागृतीने टेबल बघायची कमांड दिली. मशीनने तीही नाकारली, कारण बघणं हीसुद्धा एक नवी प्रोसेसच. नशिबाने कमांड टाइप करायची एक खिडकी, टर्मिनल, आधीपासून उघडी होती. त्या खिडकीत कमांड वाचणारा प्रोग्राम म्हणजे शेल; त्याच्या पोटातच असलेल्या कमांडना वेगळी जागा लागत नाही. त्यांच्या आधाराने तिने एकेक नाव वाचलं. पुन्हा पुन्हा एकच नाव येत होतं. तिच्याच स्क्रिप्टचं.

आदल्या दिवसापासून नेट गेलं होतं. मेसेज जाईपर्यंत स्क्रिप्ट थांबायची, आणि दर मिनिटाला नवी येऊन तिच्यामागे उभी राहायची. जागृतीने सगळ्या मारल्या. मग आधीची संपल्याशिवाय दुसरी येणार नाही, अशी सोय केली.

तोवर काकांनी बुकिंग आठवून आठवून चाव्या वाटल्या होत्या आणि एकाच खोलीच्या दारात दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी होती. ठमाकाकू त्यांना कोकम सरबत देत होत्या.

"सापडला का चोर?" काकांनी विचारलं.

"चोर नव्हता, काका. मी ठेवलेले पहारेकरीच होते. आत मावेनात."

काका खोलीकडे वळले आणि पाहुण्यांना म्हणाले, "जरा थांबा हां. आत पोलिसांचीच गर्दी झालेली, आता काढली."

दोन्ही कुटुंबांनी मागचं दार कुठे आहे ते विचारलं.